'जेंटू' : एका परक्या नावाची कुळकथा

दस्तऐवज हाती आला की मुरलेला वकील एकदम मजकुरात शिरत नाही. आधी तो पक्षकारांची नावे पाहतो. नाव कोणी लिहिले, कशासाठी लिहिले, आणि ज्याचे नाव त्याने ते आपले म्हणून मान्य केले होते काय, या तीन प्रश्नांवर पुष्कळदा दाव्याचा निकाल अवलंबून असतो. शब्दांची परीक्षा करतानाही हीच पद्धत उपयोगी पडते. प्रस्तुत लेखात अशा एका शब्दाची परीक्षा करावयाची आहे. तो शब्द इंग्रजी आहे, आता कालबाह्य झालेला आहे, आणि एके काळी ते आपले नाव होते. तो शब्द म्हणजे 'जेंटू'.

अठराव्या शतकातील इंग्रजांचा पत्रव्यवहार, त्यांची प्रवासवर्णने, कंपनी सरकारचे कागद, फार काय, इंग्लंडच्या पार्लमेंटने केलेला कायदा चाळला, तरी हिंदू मनुष्य तेथे 'जेंटू' या नावाने भेटतो. आजचे इंग्रजी कोश हा शब्द जुन्या वापरातला म्हणून नोंदवून ठेवतात. असा मजकूर मराठीत उतरविताना 'जेंटू'च्या जागी 'हिंदू' लिहून मोकळे होणे सोपे असते. अर्थ कळतो, वाचक अडत नाही. परंतु माझे म्हणणे असे की, हे भाषांतर सोपे असले तरी खरे नाही. त्यात एका शब्दाबरोबर एक संपूर्ण साक्ष पुसली जाते. ही साक्ष कोणती, हे समजण्यासाठी शब्दाचे कुळ पाहिले पाहिजे.

कुळ हा शब्द येथे जाणूनबुजून वापरला आहे; कारण मूळ लॅटिन शब्द 'गेन्स' याचा अर्थच कुळ असा आहे. त्यावरून 'गेन्तिलिस' म्हणजे त्याच कुळातला, सगोत्र. रोमन लोकांच्या प्राचीन द्वादशफलक कायद्यात या शब्दाला मानाचे स्थान होते. एखादा मनुष्य मृत्युपत्र न करता मेला, त्याला स्वतःचे वारस नसले आणि निकटचा सपिंडही नसला, तर त्याची मालमत्ता त्याच्या 'गेन्तिलिस'कडे जावी, अशी तरतूद त्यात होती. आपल्या धर्मशास्त्रातील दायविचाराशी ज्याचा परिचय आहे त्याला ही कल्पना मुळीच परकी वाटणार नाही. सारांश, हा शब्द जन्माला आला तेव्हा त्याचा अर्थ 'आपला माणूस' असा होता.

पुढे ख्रिस्ती धर्मग्रंथांचे लॅटिन भाषांतर झाले. यहुदी लोकांच्या हिब्रू भाषेत आपल्याखेरीज इतर लोकसमूहांना उद्देशून जो शब्द होता, त्यासाठी लॅटिनमध्ये याच 'गेन्स'चे अनेकवचन योजण्यात आले. तेव्हापासून अर्थ फिरला. 'गेन्तिलिस' म्हणजे यहुदी नव्हे तो. आणि कालांतराने, ख्रिस्ती नव्हे तो. गंमत अशी की, या पहिल्या अर्थाने पाहिले तर युरोपातील बहुतेक ख्रिस्ती लोकांचे पूर्वज स्वतःच 'गेन्तिलिस' होते. सेंट पॉलने धर्माचा प्रसार केला तो मुख्यतः अशाच लोकांत. परंतु आत आलेला मनुष्य दार लावून घेताना, आपण कालपर्यंत बाहेर उभे होतो हे विसरतो. हा मनुष्यस्वभाव एका जातीचा किंवा एका धर्माचा नाही.

याच शब्दाची दुसरी शाखा फ्रेंच भाषेतून इंग्रजीत गेली. तेथे 'कुळातला'चा अर्थ 'कुलीन' झाला, आणि त्यातून 'जेंटल' व 'जेंटलमन' हे शब्द निघाले. म्हणजे कंपनीचा गोरा अधिकारी स्वतःला 'जेंटलमन' म्हणवीत असे आणि समोरच्या हिंदू सावकाराला 'जेंटू' म्हणत असे, तेव्हा एकाच घराण्यातील दोन चुलत भावंडे समोरासमोर उभी होती. एकाला वारसा मिळाला होता, दुसऱ्याला घराबाहेर काढले होते.

हा शब्द हिंदुस्थानात आणला तो इंग्रजांनी नव्हे, पोर्तुगीजांनी. त्यांचा शब्द 'जेंतिऊ'. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला तेव्हा त्याच्या मंडळींनी प्रथम आपल्या लोकांना ख्रिस्तीच समजले होते, आणि तेथील एका देवळात ते चर्च समजून नमस्कारही करून आले होते. त्यांच्या दृष्टीने जगात मुख्य वर्ग दोनच होते: ख्रिस्ती आणि मूर. मूर हे त्यांचे जुने शत्रू; स्पेन-पोर्तुगालमध्ये त्यांच्याशी शतकानुशतके लढाया झालेल्या. तेव्हा जो मूर नाही तो ख्रिस्ती असावा, असा त्यांचा भाबडा तर्क होता. दोनतीन वर्षांत हा भ्रम फिटला. मग या तिसऱ्या लोकांना म्हणावे काय? त्यांच्या भाषेत एक तयार कप्पा होता, 'जेंतिऊ'चा. १५१६च्या सुमारास हिंदुस्थानचे वर्णन लिहिणाऱ्या दुआर्ते बार्बोझाच्या ग्रंथात मूर आणि जेंतिऊ ही विभागणी रूढ झालेली दिसते.

येथे एक भेद सूक्ष्म असला तरी महत्त्वाचा आहे. 'मूर' हे, चुकीचे का होईना, कोणाचे तरी नाव होते; आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील एका लोकसमूहाचे ते नाव होते. 'जेंतिऊ' हे कोणाचेच नाव नव्हते. तो एक शेरा होता, आणि त्याचा अर्थ 'हे आपल्यापैकी नव्हेत' एवढाच होता. शत्रूला नाव मिळाले. आपल्याला उरलेल्यांच्या रांगेत उभे करण्यात आले.

हा शेरा कागदावरच राहिला असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु गोव्यात तो हुकूमनाम्यात शिरला. 'जेंतिऊ' कोण हे ठरले की त्याच्या देवळाचे काय करावयाचे, त्याच्या उत्सवाचे काय करावयाचे, हे पुढे आपोआप ठरत गेले. १५५९ साली जेंतिऊंच्या पोरक्या मुलांना ख्रिस्ती धर्मसंस्थेच्या ताब्यात देण्याचा कायदा झाला. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी येथील देवळे पाडली गेली. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली. अंत्रुज महाल तेव्हा पोर्तुगीजांच्या राज्यात नव्हता, म्हणून देवांना तेथे आसरा मिळाला. हा इतिहास या पत्राच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. तो त्यांच्या कुलदैवतांचाच इतिहास आहे. मला एवढेच दाखवावयाचे आहे की, ज्या शब्दाला आपण कोशातला एक जुना शब्द समजतो, तो एके काळी देवाच्या आणि भक्ताच्या स्थलांतराचे कारणपत्र होता.

पोर्तुगीजांकडून हा शब्द इंग्रजांनी उचलला आणि 'जेंतिऊ'चा 'जेंटू' झाला. सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या जॉन फ्रायर या डॉक्टराचा प्रवासग्रंथ १६९८ साली लंडनला छापला गेला. हा शब्द पोर्तुगीज बोलीतला असून त्याचा अर्थ परधर्मी असा आहे, हे त्याला नीट ठाऊक होते. त्याच ग्रंथात तो असेही नोंदवतो की, मद्रासकडील एका भाषेलाही लोक 'जेंटू' म्हणतात, मात्र तिचे खास नाव तेलंग असे आहे. हा दुसरा अर्थ दक्षिणेत पुढे फार दिवस टिकला. १८१६ साली ए. डी. कॅम्पबेल याने मद्रासला तेलुगूचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा त्याच्या मुखपृष्ठावरच, या भाषेला सामान्यतः जेंटू म्हणतात, असा खुलासा करावा लागला. तेथे तमिळ मनुष्याला इंग्रज 'मलबार' म्हणत, तेलुगू मनुष्याला 'जेंटू' म्हणत, आणि हिंदुस्थानी बोलीला 'मूर्स' म्हणत. म्हणजे कायद्याच्या भाषेत जो जेंटू, तो मद्रासच्या बाजारात जेंटू असेलच असे नव्हते. हैदराबादकडील आमच्या मराठी बांधवांना आपल्या तेलुगू शेजाऱ्यांचे हे जुने इंग्रजी नाव कदाचित मौजेचे वाटेल. पण ज्या शब्दाने एकदा सगळे हिंदू आणि एकदा फक्त तेलुगू भाषक असा बोध होतो, त्या शब्दाच्या आधारावर न्यायदान करावयाचे म्हटले म्हणजे मौज संपते.

आणि न्यायदान झाले. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने बंगालच्या न्यायव्यवस्थेची योजना आखली. तीत वारसा, विवाह, जात आणि इतर धार्मिक आचार यांच्या बाबतीत मुसलमानांना कुराणाचा आणि जेंटूंना शास्त्राचा कायदा लावावा, असे ठरविण्यात आले. १७८१ साली पार्लमेंटने कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टासंबंधी जो कायदा केला, त्यातही मुसलमानांना मुसलमानांचे आणि जेंटूंना जेंटूंचे कायदे व रूढी लागू कराव्यात, असे कलम आले. पुढे ज्याला आपण 'वैयक्तिक कायदा' म्हणू लागलो त्याचा पाया येथे घातला गेला. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे विसरता येत नाही की, ज्या शाखेला आज 'हिंदू लॉ' म्हणतात, तिचे इंग्रजीतले पहिले नाव 'जेंटू लॉ' असे होते.

ते नाव ज्या ग्रंथाने रूढ केले तो म्हणजे नॅथॅनिअल ब्रॅसी हॅल्हेड याचा, १७७६ साली लंडनला छापलेला जेंटू कायद्याचा ग्रंथ. त्याची जन्मकथा उद्‌बोधक आहे. हेस्टिंग्जने कलकत्त्यात अकरा पंडित बसविले आणि त्यांच्याकडून धर्मशास्त्राचा एक निबंधग्रंथ रचून घेतला. त्याचे नाव 'विवादार्णवसेतु'. म्हणजे कज्जेदलालीच्या समुद्रावरचा पूल. नाव सुंदर आहे, आणि कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही ते पटेल. या संस्कृत ग्रंथाचा फारसी तर्जुमा झाला आणि फारसीवरून हॅल्हेडने इंग्रजी केले. त्या वेळी तो पंचविशीतला तरुण कारकून होता आणि त्याला संस्कृत येत नव्हते. तरीही त्याची प्रस्तावना वाचण्यासारखी आहे. तीत एका परकीयाची प्रामाणिक जिज्ञासा आहे, आणि प्रामाणिक जिज्ञासाही कशी आडवाटेला लागते याचा तो नमुना आहे.

हॅल्हेड म्हणतो की, 'हिंदुस्थान' हा शब्द फारसी आहे, संस्कृतात तो नाही. येथील लोक आपल्या देशाला भरतखंड किंवा जंबुद्वीप म्हणतात. आणि 'हिंदू' हे नाव त्यांनी मुसलमानी अंमलापासून, राज्यकर्त्यांहून आपण वेगळे आहोत हे दर्शविण्यासाठी घेतले. येथवर तो बऱ्याच अंशी ठीक आहे. पण 'जेंटू'ची व्युत्पत्ती देताना तो घसरतो. त्याच्या मते हा शब्द मूळ संस्कृत 'जंतु' होय. 'जंतु' म्हणजे प्राणिमात्र, आणि संकुचित अर्थाने मनुष्य. पोर्तुगीजांनी हा शब्द येथील लोकांच्या तोंडून वरचेवर ऐकला, आणि कदाचित आपल्या धर्मवेडामुळे त्याचा संबंध आपल्या 'जेंतिऊ'शी जोडला, असा त्याचा तर्क आहे.

मराठी कानाला हा तर्क ऐकून हसू येईल, कारण आपल्याकडे 'जंतू' म्हणजे पाण्यातली किंवा पोटातली कीड. संस्कृतात मात्र तो शब्द इतका हलका नाही. तरीही तर्क चूक आहे, यात शंका नाही. पोर्तुगीज हिंदुस्थानात येण्यापूर्वीपासून 'जेंतिऊ' हा त्यांच्या भाषेतला शब्द होता, आणि आफ्रिकेपासून ब्राझीलपर्यंत जेथे जेथे ते गेले तेथील लोकांना त्यांनी तेच नाव दिले. ब्राझीलच्या अरण्यात कोणी 'जंतु' म्हणत नव्हते. शिवाय हॅल्हेड स्वतः सांगतो की, 'जंतु' हा शब्द हिंदूंपुरता मर्यादित नाही. म्हणजे 'हिंदू' आणि 'जेंटू' ही दोन्ही नावे मूळची या लोकांची नव्हेत हे त्याला कळले होते. आणि कळूनही त्याने ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्यांतले अधिक परके नाव छापले. मला या प्रस्तावनेतला मुख्य दोष व्युत्पत्तीचा वाटत नाही, हा वाटतो.

मात्र भाषेच्या दैवात एक चमत्कार होता. हॅल्हेडचा रस्ता चुकला, पण गाव जवळचे निघाले. लॅटिन 'गेन्स' आणि संस्कृत 'जन', 'जाति', 'जंतु' हे सर्व शब्द 'जन्मणे' या अर्थाच्या एकाच प्राचीन धातूपासून निघालेले आहेत. हॅल्हेडने १७७८ साली बंगाली भाषेचे व्याकरण छापले, त्याच्या प्रस्तावनेत संस्कृत आणि लॅटिन-ग्रीक शब्दांतील साम्य पाहून त्याने आश्चर्य व्यक्त केले होते. सर विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे या भाषांचे मूळ एक असावे असे प्रतिपादन केले, आणि तुलनात्मक भाषाशास्त्राला दिशा मिळाली. ज्याला कुळाबाहेरचा म्हणून नाव दिले, त्याची भाषा नाव देणाऱ्याच्याच कुळातली निघाली.

आता त्या ग्रंथाच्या नावाने झालेल्या अनर्थाकडे वळू. अकरा पंडितांचा निबंध हा बंगालच्या परंपरेतला निबंध होता. तेथे दायभागाचे प्रामाण्य. आपल्याकडे मिताक्षरेचे, आणि मुंबई, गुजरात व उत्तर कोकण येथे सतराव्या शतकातील नीलकंठ भट्टाच्या व्यवहारमयूखाचे. बापाच्या हयातीत मुलाचा वडिलार्जित मालमत्तेत हक्क असतो की नाही, या मूळ प्रश्नावरच या दोन परंपरा भिन्न आहेत. त्याशिवाय जातीजातींच्या रूढी निराळ्या. परंतु इंग्रजी वाचकाच्या हाती 'जेंटूंचा कायदा' असे एकवचनी नाव पडले. नाव एक, म्हणून लोक एक. लोक एक, म्हणून कायदा एक. आणि तो एका ग्रंथात सापडलाच पाहिजे, अशी समजूत दृढ झाली. शास्त्र्यांच्या मताची खातरजमा करता यावी म्हणून जोन्स न्यायाधीश असताना स्वतः संस्कृत शिकला, आणि १७९४ साली त्याने मनुस्मृतीचे भाषांतर प्रसिद्ध केले. त्याच्या मुखपृष्ठावर 'जेंटू' हा शब्द नाही, 'हिंदू' आहे. १७७६ ते १७९४ या अठरा वर्षांत शब्द बदलला. कायदा शास्त्रग्रंथातच शोधावयाचा, ही दृष्टी मात्र तीच राहिली.

याला एक तोड मुंबई इलाख्यात निघाली. एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत दख्खनमधील जातींच्या रूढी प्रत्यक्ष लोकांना विचारून लिहून घेण्याचे काम आर्थर स्टील याच्याकडे सोपविले गेले, आणि १८२७च्या चौथ्या रेग्युलेशनने, सरकारी कायदा नसेल तेथे प्रथम देशरूढी पाहावी, असा क्रम घालून दिला. पुढे १८६८ साली रामनाडच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनेही, रूढी स्पष्टपणे सिद्ध झाल्यास ती लिखित शास्त्रवचनाहून बलवत्तर ठरते, हे तत्त्व मान्य केले. फरक पद्धतीचा होता. कलकत्त्यात आधी नाव ठरले आणि मग माणसे त्यात बसविली. मुंबईत माणसांना विचारले की, तुमच्याकडे काय चालते? दोन्हीकडे राज्य परक्यांचेच होते. तथापि विचारणे आणि न विचारणे यांत अंतर आहे.

एकोणिसाव्या शतकात 'जेंटू' हळूहळू मागे पडला. युल आणि बर्नेल यांनी १८८६ साली 'हॉब्सन-जॉब्सन' या विनोदी नावाने अँग्लो-इंडियन शब्दांचा जो विद्वत्तापूर्ण कोश काढला, त्यात हा शब्द सरत्या काळातला म्हणून आला आहे, आणि त्याचे दोन्ही अर्थ दाखल्यांसह दिले आहेत. आज इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला 'जेंटू' म्हटले तर त्याला दक्षिण गोलार्धातला एक पेंग्विन पक्षी आठवेल. आणि त्या पक्ष्याच्या नावावरून संगणकाच्या एका कार्यप्रणालीलाही हेच नाव देण्यात आले आहे.

तथापि गोव्यात या शब्दाचे पोर्तुगीज मूळ इतक्या सहजासहजी गेले नाही. पोर्तुगालची १८६७ची दिवाणी संहिता १८७० साली येथे लागू झाली, पण स्थानिक रूढींना त्यात अपवाद ठेवला होता. त्या रूढी निश्चित करण्यासाठी १६ डिसेंबर १८८०च्या हुकूमनाम्याने एक संहिता करण्यात आली. तिचे नाव 'गोव्यातील हिंदू जेंतिऊंच्या रूढी व चालीरीती' असे आहे. या नावात 'हिंदू' आणि 'जेंतिऊ' हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी उभे आहेत. कायदा लिहिणारा शब्द वाया घालवीत नाही, हे गृहीत धरले तर दोन्हींचा अर्थ एकच असू शकत नाही. माझ्या मते 'हिंदू' हा येथे लोकसमूहाचा निर्देश आहे आणि 'जेंतिऊ' ही त्याच्या धर्मावरची जुनी खूण आहे. इंग्रजीत उतरलेल्या गोव्याच्या कायद्यातही 'जेंटाइल हिंदू' असा शब्दप्रयोग येतो. त्याचे मराठी 'हिंदू' एवढेच केले की, तीनशे वर्षांहून जुनी ती खूण डोळ्याआड होते.

आणि त्या खुणेवर माणसांचे संसार अवलंबून होते. या संहितेत हिंदू पुरुषाला, पहिल्या पत्नीला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूलच झाले नसेल, किंवा तिला तीस वर्षे पूर्ण होऊनही पुत्र झाला नसेल, तर विवक्षित अटींवर दुसरा विवाह करण्याची मुभा ठेवली होती. 'जेंतिऊ' या शब्दाच्या आत कोण आणि बाहेर कोण, यावर एका स्त्रीच्या घराचा उंबरठा ठरत होता. १९६१ साली गोवा मुक्त झाला. १९६२च्या कायद्याने पूर्वीचे कायदे तूर्त चालू ठेवले गेले, आणि त्यांबरोबर हा शब्दही राहिला. समान नागरी कायद्याच्या वादात गोव्याचे उदाहरण आदर्श म्हणून दिले जाते, तेव्हा विरोधी बाजू याच संहितेकडे बोट दाखविते. तेव्हा हा शब्द निव्वळ कोशातला नव्हे.

याच गोव्यातले एक उलट उदाहरणही लक्षात घेण्यासारखे आहे. देवस्थानांच्या कारभारासाठी पोर्तुगीज सरकारने १८८६ साली आणि पुन्हा १९३३ साली जी नियमावली केली, तिच्यात महाजनांच्या संस्थेला 'मझानिया' आणि देवळाला 'देवालय' याच शब्दाचे पोर्तुगीज रूप वापरले आहे. आधीच्या कागदांत देवळाला 'पागोद' म्हणणाऱ्या सरकारने येथे आपला शब्द पोर्तुगीज कायद्यात घेतला. कारण उघड आहे. देवस्थानांची व्यवस्था लावावयाची तर महाजनांना विचारल्यावाचून गत्यंतर नव्हते. आणि ज्याला विचारावे लागते त्याचा शब्दही घ्यावा लागतो. सामान्य जनांची गोष्ट आणखी निराळी. गोव्यातील ख्रिस्ती मंडळींच्या कोंकणीत हिंदू शेजाऱ्याला 'कोंकणो' म्हणण्याची रीत आहे. सरकारी दप्तराने ज्याला धर्माबाहेरचा म्हणून लिहिले, त्याला शेजाऱ्याने भूमीच्या नावाने हाक मारली.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. 'हिंदू' हे नाव तरी आपले कोठे आहे? सिंधू नदीवरून इराणी लोकांनी ते दिले. मग 'जेंटू' तेवढे परके का? माझे उत्तर असे: नाव कोणी दिले यापेक्षा ते घेता येते की नाही, हा प्रश्न निर्णायक आहे. 'हिंदू' हा शब्द एका नदीवरून, एका भूमीवरून आला. तो स्वतःविषयी उच्चारता येतो. आपल्या संतकवींच्या आणि बखरकारांच्या लेखणीत तो आला, आणि आपला झाला. 'जेंतिऊ' स्वतःविषयी उच्चारता येत नाही. 'मी अन्य आहे' असे कोणी म्हणू शकत नाही. तसे म्हणावयास त्याला दुसऱ्याच्या ओसरीवर जाऊन उभे राहावे लागेल. म्हणून पहिले नाव रुजले आणि दुसरे गळून पडले.

परंतु शब्द गळून पडला तरी त्यामागची रीत गळून पडली असे समजू नये. आपल्याच पार्लमेंटने १९५५ साली हिंदू विवाह कायदा केला. (तो गोव्याला लागू करण्यात आला नाही.) त्यात हा कायदा कोणास लागू, हे सांगताना प्रथम धर्माने हिंदू असलेले, मग बौद्ध, जैन आणि शीख यांचा निर्देश आहे, आणि शेवटी, जो मुसलमान, ख्रिस्ती, पारशी किंवा यहुदी नाही असा इतर कोणीही, असे म्हटले आहे, आपल्याला हा कायदा लागू नव्हता हे ज्याला सिद्ध करता येईल तो अपवाद. कायद्याच्या सोयीच्या दृष्टीने ही व्याख्या समर्थनीय आहे; कोणालाही कायद्यावाचून ठेवता येत नाही. पण तिची रचना पाहा: जो अमुक नाही, तमुक नाही, तो. पोर्तुगीज खलाशाने १५००च्या सुमारास जो कप्पा उघडला, त्याच पद्धतीचा एक कप्पा आपल्या स्वतःच्या कायद्यात आहे, आणि त्यात कोण कोण येऊन पडतो, हे त्याला विचारलेले नाही.

आपल्या भाषेकडे पाहिले तरी हीच रीत दिसेल. 'यवन' हे मूळ आयोनियन ग्रीकांचे नाव. ते आपण मुसलमानांना दिले. 'म्लेच्छ' म्हणजे ज्याचे बोलणे अस्पष्ट तो, म्हणजे ज्याची भाषा आपल्याला कळत नाही तो. दोष आपल्या कानाचा, नाव मात्र त्याला. 'फिरंगी' हे फ्रँक लोकांचे नाव, ते पोर्तुगीजांना चिकटले. यांतला एकही शब्द त्या त्या माणसाला विचारून ठेवलेला नाही. इंग्रजांच्या 'जेंटू'वर संताप करणाऱ्या वाचकाने हे शब्द आपल्या तोंडी कसे येतात तेही पाहावे. संताप खरा असेल तर तो दोन्हीकडे सारखा लागू पडला पाहिजे. नाही तर ती न्यायबुद्धी नव्हे, केवळ पक्षकारी होय.

म्हणून भाषांतरकारांना आणि इतिहास लिहिणाऱ्यांना माझी सूचना आहे. हॅल्हेडचा ग्रंथ, हेस्टिंग्जची योजना, १७८१चा कायदा किंवा गोव्याची १८८०ची संहिता मराठीत वा कोंकणीत आणताना 'जेंटू' आणि 'जेंतिऊ' हे शब्द तसेच ठेवावेत, आणि पहिल्याच ठिकाणी त्यांचा अर्थ सांगावा. वाचक क्षणभर अडेल, पण येथे बोलणारा कोण आहे आणि तो कोणत्या जागेवरून बोलतो आहे, हे त्याला कळेल. 'हिंदू' लिहिले की असा भास होतो की आपण तेव्हाही आपल्या नावानेच त्या कागदात हजर होतो. आपण हजर नव्हतो. तेथे आपल्या जागी दुसऱ्याने लिहिलेले एक नाव हजर होते, आणि निवाडा त्या नावावर झाला. ही गोष्ट कटू असली तरी खरी आहे, आणि इतिहासाच्या कागदात खाडाखोड करण्याचा अधिकार कोणत्याही पक्षकाराला नसतो, आपल्यालाही नाही.